'शेजारी' आणि माणुसकीचा पडदा

'मानवी हक्क' आणि 'शांतता' हे शब्द ऐकले की आपल्यासमोर संयुक्त राष्ट्रांची इमारत, मोठमोठे ठराव आणि कोर्टकचेऱ्या उभ्या राहतात. आपल्यासारख्या नोकरदार माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटून आपण पान उलटतो. परंतु संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी मंजूर केला, त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधीच आपल्या मराठी मंडळींनी हे सारे विषय पडद्यावर मांडले होते. गावोगावचे लोक तिकीट काढून ते पाहायला येत होते, रडत होते आणि घरी जाऊन त्यावर भांडतही होते. 'प्रभात फिल्म कंपनी' आणि व्ही. शांताराम यांच्या त्या कामाची ओळख या लेखात करून द्यायची आहे. आपण मराठी माणसे नोकरीधंद्यानिमित्त महाराष्ट्राबाहेर, वेगवेगळ्या भाषांच्या आणि धर्मांच्या शेजारात राहतो. त्यामुळे या चित्रपटांचे महत्त्व आपल्याला इतरांपेक्षा थोडे जास्तच कळावे.

हुबळी, कोल्हापूर, पुणे

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ मध्ये कोल्हापूरचा. वडील जैन आणि आई हिंदू, म्हणजे दोन धर्मांचे आचार त्यांनी लहानपणी एकाच घरात पाहिले. परिस्थिती बेताची असल्याने त्यांनी कोवळ्या वयात हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केले आणि तिथल्याच एका पत्र्याच्या शेडमधील थिएटरात दारावर उभे राहण्याचेही काम केले. आम्हा रेल्वेवाल्यांना या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी समजून घ्यावे! पुढे ते कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. बाबूरावांच्या १९२५ च्या 'सावकारी पाश' या मूकपटात सावकाराने जमीन गिळलेल्या आणि शेवटी शहरात मजुरी करायला गेलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनीच केली होती. पौराणिक देखाव्यांच्या त्या काळात कर्जबाजारी शेतकरी हा चित्रपटाचा नायक होऊ शकतो, हा धडा त्यांना तिथे मिळाला.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात'ची स्थापना झाली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. भागीदार होते शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. यातील दामले आणि फत्तेलाल ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एक ब्राह्मण, दुसरा मुसलमान. कंपनीत सर्वजण त्यांना 'दामलेमामा' आणि 'साहेबमामा' म्हणत. दोघांनी मिळून दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. आपल्या तुकोबांचे देहू पडद्यावर उभे करणाऱ्या दोघांपैकी एक शेख फत्तेलाल होते, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवे.

सरकारच्या दरबारी मात्र या कंपनीला सुखाने काम करता आले असे नाही. 'स्वराज्याचे तोरण' या शिवछत्रपतींवरील मूकपटाचे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे १९३० मध्ये 'उदयकाल' करावे लागले. १९३५ मध्ये संत एकनाथांवरील 'महात्मा' या चित्रपटाचे नाव 'धर्मात्मा' झाले, कारण 'महात्मा' म्हटल्यावर लोकांना कोण आठवेल याची सरकारला खात्री होती. त्यात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या घरी जेवणारे एकनाथ पडद्यावर दाखवणे म्हणजे त्या काळात प्रेक्षकांतील अनेकांना टोचणारी गोष्ट होती.

दयेकडून हक्काकडे

इथे एक फरक समजून घेतला पाहिजे. 'धर्मात्मा' मध्ये संताची करुणा आहे. मोठा माणूस खाली वाकून लहानाला जवळ घेतो. पण या चित्रपटाच्या आठ वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते कोणाची दया मागायला गेले नव्हते. सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावायला गेले होते. दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क मर्जीवर नसतो. त्यामुळे 'धर्मात्मा' चांगला असला तरी तो प्रत्यक्ष चळवळीच्या मागेच होता, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागेल.

ही पुढची पायरी शांतारामांनी दोन वर्षांनी 'कुंकू' (१९३७) मध्ये गाठली. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला होता आणि हिंदीत 'दुनिया न माने' या नावाने देशभर चालला. नीरा या तरुण मुलीचे लग्न फसवणुकीने काकासाहेब या वृद्ध विधुर वकिलाशी लावले जाते. आपल्या जुन्या नाटकांत जरठ-बाला विवाह हा विषय होताच. पण तिथे मुलगी रडते आणि कोणीतरी सुधारक येऊन तिला सोडवतो. 'कुंकू' मधली नीरा स्वतःच सांगते की हे लग्न मला मान्य नाही, आणि त्याच घरात राहून पत्नीपण नाकारते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने बडवते. शांता आपटे यांनी ही नीरा अशी काही उभी केली की बायका थिएटरात ताठ बसून पाहू लागल्या असतील. काकासाहेबांच्या सुधारक मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. रँग्लर परांजपे यांच्या या कन्या प्रत्यक्ष आयुष्यातही संततिनियमनाचे काम करणाऱ्या होत्या. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचे आवाज एवढ्यावरच सारा परिणाम साधला आहे.

त्या वेळी कायदा काय होता? १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले होते. नवरदेवाच्या कमाल वयाला मर्यादा नव्हती. साठीच्या गृहस्थाला विशीच्या आतील मुलीशी लग्न करण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. आणि लग्न झाल्यावर हिंदू स्त्रीला घटस्फोट? सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानात १९३१ साली तसा कायदा झाला होता. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला आणि देशभरासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावे लागले. म्हणजे 'कुंकू' मधील नीरा पुण्यात 'नाही' म्हणत होती, तेव्हा तिच्या बाजूने कायद्याचे एक कलमही नव्हते. कायदा ज्या ठिकाणी नंतर पोहोचला तिथे हा चित्रपट अठरा वर्षे आधी उभा होता.

त्यानंतर १९३९ मध्ये आला 'माणूस', हिंदीत 'आदमी'. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही वेश्यावस्तीतील स्त्री यांची ही कथा. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी त्या भूमिका केल्या. वेगवेगळ्या प्रांतांतील गिऱ्हाइकांसमोर मैना एकाच गाण्यात अनेक भाषांत गाते, ते गाणे त्या काळी फार गाजले. प्रेमभंगाने दारू पिऊन मरणाऱ्या 'देवदास'ची तेव्हा चलती होती. शांतारामांनी त्याला हे उत्तर दिले. मैना तुरुंगात जाते, गणपत खचतो, पण मरत नाही. पुन्हा कामावर उभा राहतो.

या नावाची एक गंमत सांगावीशी वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरून तिथे 'सर्व मानव' असा अर्थ देणारा शब्द घालायला लावला. बडोद्याच्या विद्यापीठाच्या पुढे कुलगुरू झालेल्या याच हंसाबेन. आपल्या मराठीत 'माणूस' म्हटले की गणपतही आला आणि मैनाही आली.

'शेजारी'

मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लिम लीगने आपला प्रसिद्ध ठराव केला. देशाच्या वाटणीची भाषा सुरू झाली. अशा वेळी १९४१ च्या सुरुवातीला 'प्रभात'ने मराठीत 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी' प्रदर्शित केला. कथा विश्राम बेडेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे.

एका खेड्यात एक हिंदू पाटील आणि एक मुसलमान मिर्झा शेजारी राहतात. दोघांची बुद्धिबळाच्या पटावरची मैत्री अनेक वर्षांची. ओंकार नावाचा एक उद्योगपती तिथे धरण बांधू इच्छितो. त्यासाठी लोकांच्या जमिनी हव्यात. गाव एकजुटीने नकार देते. मग तो गावात संशय पेरतो. आळ घेतले जातात, पंचायत बसते, दोन घरांत फूट पडते आणि ज्या दोन म्हाताऱ्यांना एकमेकांवाचून करमत नव्हते ते एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. शेवटी ते धरण फुटते, आणि त्या प्रलयात दोघे मित्र एकमेकांना धरून प्राण सोडतात. कोसळणाऱ्या धरणाचे ते दृश्य आजच्यासारखी संगणकाची सोय नसताना 'प्रभात'च्या तंत्रज्ञांनी उभे केले. माझ्यासारख्या बांधकामाशी संबंध असलेल्या माणसाला ते पाहताना आधी त्यांच्या कारागिरीचे कौतुक वाटते आणि मग कथा आत शिरते.

पात्रयोजना तर मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. मराठीत पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत पाटलाच्या जागी असलेला ठाकूर झाले मझहर खान, आणि मिर्झा पुन्हा जागीरदारच. म्हणजे 'पडोसी' मध्ये हिंदूची भूमिका मुसलमान नटाने केली आणि मुसलमानाची हिंदू नटाने. कोणतेही भाषण न करता शांतारामांनी प्रेक्षकांना सांगून टाकले की पोशाख बदलला तर कोण कोणता हे तुम्हाला ओळखता येणार नाही.

माझ्या मते या चित्रपटातील सर्वात महत्त्वाची गोष्ट ओंकारची आहे. ही दोन घरे धर्मावरून भांडायला निघालीच नव्हती. भांडण ज्याला हवे होते, त्याला जमीन हवी होती. हिशेब मांडला तर प्रत्येक दंगलीत कोणाचे दुकान जळाले आणि कोणाला जागा मिळाली, हा प्रश्न विचारायला 'शेजारी' शिकवतो. धरण वाईट नाही. धरणे आम्हा इंजिनियर लोकांनीच बांधली आणि त्यावर शेती पिकली. पण ज्याची जमीन जाते त्याला न विचारता, उलट त्याला शेजाऱ्याशी भांडायला लावून बांधलेले काम पायातच कच्चे असते.

आता कोणी विचारेल, मग काय झाले? 'शेजारी' नंतर सहाच वर्षांत फाळणी झाली, लाखो माणसे मेली. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर 'प्रभात'च्या जन्मगावी, कोल्हापुरात, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जमावाने जाळला. चित्रपटाने काय थांबवले? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर 'काहीच नाही' असे देण्याचा मोह होतो. पण चित्रपट हा दंगल थांबवणारा पोलीस नव्हे. तो सिग्नलसारखा आहे. पुढे धोका आहे एवढे तो दाखवतो, ब्रेक लावण्याचे काम गाडीवरच्या माणसाचे. सिग्नल पाहूनही गाडी पुढे नेली तर दोष सिग्नलचा नाही.

चीनमधला सोलापूरकर

'शेजारी' नंतर १९४२ मध्ये शांताराम 'प्रभात' मधून बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी 'राजकमल कलामंदिर' काढले. तिथे १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' तयार झाला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्या पथकात होते. जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता कोटणीस तिथेच राहिले, तिथल्या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून हा चित्रपट बेतला होता आणि कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली. पुढे १९६२ चे युद्ध झाले, दोन्ही देशांचे संबंध अनेकदा बिघडले, तरी चीनमध्ये कोटणीसांचे स्मारक आहे आणि तिथे त्यांचा मान राखला जातो. घरापासून दूर जाऊन परक्या मुलखाला आपले म्हणणारा हा मराठी माणूस आपल्याला जवळचा वाटल्यावाचून राहत नाही.

भिंती नसलेला तुरुंग

आता शेवटचा आणि सर्वांना माहीत असलेला चित्रपट, 'दो आँखें बारह हाथ' (१९५७). एक तरुण जेलर खुनाची शिक्षा झालेल्या सहा कैद्यांना उघड्या माळावर नेतो, त्यांच्यावर विश्वास टाकतो आणि त्या बारा हातांकडून शेती पिकवून घेतो. त्यातील बैलाशी झुंजीच्या प्रसंगात शांतारामांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. भरत व्यास यांनी लिहिलेली आणि वसंत देसाईंनी स्वरबद्ध केलेली त्यातील प्रार्थना देशातील कितीतरी शाळांत म्हटली जाते. आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेच्या मैदानात हात जोडून म्हटली असेल.

पण ही कथा नुसती कल्पनेतली नाही, हे कमी लोकांना ठाऊक असते. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागते. ती किर्लोस्करवाडी ज्या औंध संस्थानात होती, त्याच संस्थानाचा आटपाडी हा दुष्काळी तालुका. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपणहून सत्ता रयतेच्या हाती सोपवली. या कामात त्यांना मॉरिस फ्रीडमन यांची मदत झाली. हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू गृहस्थ, पेशाने विद्युत अभियंता. बंगलोरच्या कारखान्यातील नोकरी सोडून ते गांधीजींच्या मार्गाला लागले आणि स्वामी भारतानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्याच प्रेरणेने आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ च्या सुमारास सुरू झाली. तिथे भिंती नव्हत्या. कैदी कुटुंबासह राहून शेती करत. ज्यांच्या कथेवर 'दो आँखें बारह हाथ' निघाला ते ग. दि. माडगूळकर याच आटपाडी भागातले. संस्थान विलीन झाले, राजे गेले, पण स्वतंत्रपूरची वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाखाली चालू राहिली.

या सर्व चित्रपटांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. बहुतेकांचा शेवट मरणाने होतो. 'कुंकू' मधले काकासाहेब आत्महत्या करून नीरेला मोकळी करतात. 'शेजारी' मधले दोघे मित्र बुडतात. 'दो आँखें' मधला जेलर मरतो. पडद्यावर माणसे मेली की प्रेक्षकांचे डोळे पाणावतात, आणि डोळे पुसले की काम झाले असे वाटते. फक्त 'माणूस' मधला गणपत जिवंत राहतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. मला स्वतंत्रपूर गणपतसारखे वाटते. तिथे कोणी हौतात्म्य पत्करले नाही. रोज सकाळी उठून, ज्याने एकदा खून केला आहे त्याच्या हातात विळा देण्याचे धाडस तिथे कोणीतरी केले. चित्रपट दोन-अडीच तासांत संपला, ते धाडस पुढे अनेक दशके चालू राहिले. मानवी हक्क आणि शांतता ही अशी रोजची कामे आहेत. रुळांची देखभाल करणारा गँगमन रोज आपला टप्पा चालून पाहतो म्हणून गाडी सुखरूप जाते, तसेच हे.

लोकमान्यांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, तेव्हा मेळे, पदे, व्याख्याने हीच त्या काळची माध्यमे होती. पुढे रस्त्यावर पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवण्याची प्रथा आली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. मागच्या बाजूला बसणाऱ्याला अक्षरे उलटी दिसत, पण गोष्ट तीच कळे. माझी मंडळाला एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षी ऑर्केस्ट्राच्या एका संध्याकाळी 'शेजारी' किंवा 'पडोसी' लावावा, आणि आपल्या कॉलनीतील इतर भाषांच्या आणि इतर धर्मांच्या कुटुंबांना अगत्याने बोलवावे. 'पडोसी' हिंदीत असल्याने कोणालाच अडचण येणार नाही. आपल्या उत्सवाला ही मंडळी वर्गणी देतात, मांडव घालायला मदत करतात, विसर्जनाला पाणी घेऊन उभी राहतात. दोन म्हाताऱ्यांचा तो बुद्धिबळाचा डाव त्यांच्या शेजारी बसून पाहावा.

श्रीगजाननाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. शेजाऱ्याविषयी मनात शिरणारा संशय हेही एक विघ्नच आहे. ते दूर करण्याची बुद्धी तो आपल्याला देवो.

गणपती बाप्पा मोरया!